होप हॅम्प्टनचा आवाज कुणी ऐकला?

प्रश्न : माझी नात चित्रपटांचा अभ्यास करते. तिने मला मोबाइलवर १९२२ सालची एक फिल्म दाखवली. रंगीत, आणि तरी मूक! तिच्यात एक देखणी बाई भारी पोशाख घालून नुसती उभी राहते, मान वळवते, हसते. ही होप हॅम्प्टन, ही पुढे ऑपेराची गायिका झाली, असं नात सांगते. बोलपट आले आणि काम सुटलं म्हणून ती गाण्याकडे वळली असेल का? आणि जिचा आवाज पडद्यावर कधी कुणी ऐकलाच नव्हता, तिला एकदम ऑपेरा गायला कसं जमलं? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, नातीला माझे आशीर्वाद सांगा. ती फिल्म मी कितीदा पाहिली असेन याची मोजदादच नाही. न्यू यॉर्कहून हडसन नदी ओलांडली की न्यू जर्सीत फोर्ट ली नावाचं गाव लागतं. हॉलिवूडचा बोलबाला होण्याआधी अमेरिकेतले कितीतरी मूकपट या गावात तयार होत. तिथल्या पॅरागॉन स्टुडिओत कोडॅकने आपल्या नव्या रंगीत फिल्मची चाचणी घेतली, तीच ही. सगळा मामला दोन रंगांचा, तांबूस आणि हिरवट. खरा निळा तिला पकडताच येत नसे. म्हणून तिच्यात दिसणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यांवर देवघरातल्या समईचा उजेड पडल्यासारखं वाटतं. होपच्या अंगावरचे पोशाख तिच्या त्याच वर्षीच्या ‘द लाइट इन द डार्क’ या मूकपटातले आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चाचणीचा समावेश झाला.

मी गाणं शिकवणारी बाई. माणूस उभा कसा राहतो, मान कशी धरतो, श्वास कुठून घेतो, यावरून गळ्याचा अंदाज घ्यायची चाळीस वर्षांची सवय आहे मला. पण होपकडे कितीही बघितलं तरी काही कळत नाही. ती कॅमेऱ्यासाठी उभी आहे. गळा आहे तो हार घालायला. हीच बाई सहा वर्षांनी फ्रेंच संगीतकार मासनेच्या ‘मानों’ ऑपेरात नायिका म्हणून उभी राहणार आहे, असं तेव्हा स्टुडिओतल्या कुणाला सांगितलं असतं तर पटलं असतं का?

आता तुमचा पहिला प्रश्न. बोलपटांनी तिला हाकललं ही समजूत फार पसरलेली आहे, पण तारखा काही वेगळंच सांगतात. होपचा जन्म १८९७ चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. नायिका म्हणून पहिला चित्रपट १९२० चा, ‘अ मॉडर्न सलोमे’. मग पाच-सहा वर्षं कामाची रांग लागली. १९२३ मध्ये वॉर्नर बंधूंच्या ‘द गोल्ड डिगर्स’मध्ये ती नायिका होती. तिचे मूकपट १९२६ मध्ये थांबले. आणि ६ ऑक्टोबर १९२७ ला न्यू यॉर्कच्या शुबर्ट थिएटरात ‘माय प्रिन्सेस’ या संगीतिकेचा पहिला प्रयोग झाला, त्यात होप मुख्य भूमिकेत गात होती. संगीत झिग्मंड रॉम्बर्गचं. आता गंमत बघा, त्याच संध्याकाळी, त्याच शहरात, काही रस्ते पलीकडे ‘द जॅझ सिंगर’ या बोलपटाचा पहिला खेळ लागला होता. म्हणजे पडद्याला वाचा फुटली त्या संध्याकाळी ही बाई आधीच रंगमंचावर उभी राहून गात होती! बोलपटांनी तिला बाहेर काढलं म्हणायला जागाच नाही. ती आधीच निघाली होती.

‘माय प्रिन्सेस’चे वीस प्रयोग झाले आणि ती बंद पडली. दुसरी एखादी असती तर तिथूनच घरी परतली असती. होपने आणखी कठीण वाट धरली. १९२८ मध्ये फिलाडेल्फिया ग्रँड ऑपेरा कंपनीतर्फे तिने ‘मानों’ गायली.

याचा अर्थ नीट कळावा म्हणून थोडं विस्ताराने सांगते. २०१९ मध्ये मी भाचीकडे न्यू जर्सीला गेले होते, तेव्हा तिने मला न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ‘मानों’ दाखवली. तिकीट सर्वांत वरच्या मजल्याचं. तिथून खालचा माणूस बोटाएवढा दिसतो. तीन हजार आठशेच्या आसपास लोक मावतील असं ते घर, गायिकेपुढे मायक्रोफोन नाही, आणि रंगमंचासमोरच्या खड्ड्यात बसलेला पुरा वाद्यमेळ. लिझेट ओरोपेसा गात होती. नायिका पहिल्या अंकात घोडागाडीतून उतरते ती पंधरा-सोळा वर्षांची, भांबावलेली, मठात पाठवलेली पोर. दुसऱ्या अंकात ती एका साध्या जेवणाच्या टेबलाचा निरोप घेते. प्रियकराबरोबर तिथे ती सुखात राहिलेली असते आणि आता श्रीमंतीच्या ओढीने निघालेली असते. तो निरोप इतक्या हलक्या आवाजात गायला जातो की आपण इतक्या उंचावर बसून पुढे वाकतो, आणि तरी अक्षरन्‌अक्षर येऊन पोचतं. तिसऱ्या अंकात मिरवणारी, लखलखणाऱ्या ताना घेणारी, आणि पाचव्यात बंदरावर जाणाऱ्या रस्त्यावर मरणारी. मधूनमधून वाद्यं चालू असताना गद्य संवादही बोलायचे असतात, तेही फ्रेंचमध्ये. भाची मध्यंतरात म्हणाली, “मावशी, रडतेस काय?” मी म्हटलं, “अगं, हिचा दमसास बघ!”

तर हे सगळं होपने वयाच्या एकतिसाव्या वर्षी अंगावर घेतलं. ऑपेराचा आवाज ओरडून तयार होत नाही. त्या गळ्याला एक टोक आणावं लागतं. शास्त्रज्ञ सांगतात की पट्टीच्या गायकाच्या, विशेषतः पुरुषांच्या, आवाजात तीन हजार हर्ट्झच्या आसपास नादाचा एक पुंजका दाट होतो. वाद्यमेळाचा जोर तिथे कमी असतो, म्हणून तेवढ्या फटीतून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पुरुष असो की बाई, असा पल्ल्याचा आवाज कमवायला आठ-दहा वर्षांची तालीम लागते, आणि ती साधारणपणे विशीच्या आधी सुरू होते. होपने मूकपटांची कारकीर्द आणि ऑपेरा यांच्यामध्ये एवढा वेळ काढलेलाच नाही.

मग एवढ्या लवकर एवढी मोठी भूमिका तिच्याकडे कशी आली? इथे तिच्या नवऱ्याचं नाव येतं. ज्यूल्स ब्रुलातूर हा अमेरिकेतल्या चित्रपटधंद्यातला मोठा माणूस, पण त्याची सत्ता कॅमेऱ्यामागची नव्हती, ती कच्च्या फिल्मची होती. एडिसनच्या पुढाकाराने बड्या कंपन्यांनी एकी करून ईस्टमन कोडॅकची फिल्म आपल्यालाच मिळेल अशी तजवीज केली होती. १९११ मध्ये तो करार सैल झाला आणि स्वतंत्र निर्मात्यांना कोडॅकची फिल्म विकण्याचं काम ब्रुलातूरकडे आलं. फिल्म नसेल तर चित्रपट कसला? १९१२ मध्ये युनिव्हर्सल कंपनी उभी राहिली तेव्हा संस्थापकांत तोही होता. होपला पुढे आणणारा तो, तिच्या चित्रपटांना पैसा पुरवणारा तो, आणि १९२३ मध्ये तिच्याशी लग्न करणारा तोच.

म्हणून तेव्हापासून आजपर्यंत होपबद्दल एकच वाक्य लिहिलं जातं : नवऱ्याच्या पैशाने गाणारी. मला या वाक्याचा राग येतो. पैशाने कपडे येतात, शिक्षक येतो, नाव छापून येतं. पण ‘मानों’चे पाच अंक पाठ करायला, परक्या भाषेतले शब्द जिभेवर बसवायला आणि तीन तास उभं राहून ते निभावायला पैसा पुढे येत नाही. तिथे ती एकटीच होती.

तरी पैशाने तिचं एक नुकसान केलंच, आणि हे मी अनुभवावरून म्हणते. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई शिकायला आल्या. वय बत्तीस, गळा गोड, सूर पक्का. घर सधन. दीड वर्ष झालं नाही तोच यजमानांनी वाढदिवसाची भेट म्हणून सभागृह घेतलं, उत्तम साथीदार ठरवले, पाचशे निमंत्रणं छापली. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बाई, नाही कसं म्हणू?” मी त्यांना थांबवायला हवं होतं. मीही नाही म्हणाले नाही, तानपुरा घेऊन मागे बसले. त्यांनी मारवा घेतला. दहाव्या मिनिटाला आवाज बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या पुन्हा कधी गायल्या नाहीत. त्यांच्यात गुण नव्हता असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन. त्यांना वाट बघू दिली नाही, एवढंच झालं. गरीब घरची मुलगी दहा वर्षं रखडते, कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचं ऐकते, आणि त्या रखडण्यात तिचा गळा पिकतो. होपला तसं रखडायला मिळालंच नाही.

तिचा आवाज ऐकायचा असेल तर नातीला १९३८ चा ‘द रोड टू रिनो’ शोधायला सांगा. बारा वर्षांनी ती पूर्ण लांबीच्या चित्रपटात परतली ती यातच, रँडॉल्फ स्कॉटबरोबर, आणि भूमिका होती ऑपेरा गायिकेची. त्यात ती गातेही. आधी ती १९२२ ची मुकी फिल्म लावा, मग हा. आणि गाणं सुरू झालं की डोळे मिटून घ्या, कारण त्या चेहऱ्याकडे बघत राहिलं की ऐकू कमी येतं.

प्रश्न : ‘सिटिझन केन’ चित्रपटात धनाढ्य नवरा बायकोसाठी ऑपेराचं थिएटर बांधतो आणि ती बिचारी बेसूर गाते. ते पात्र होप हॅम्प्टनवरून घेतलं म्हणतात. म्हणजे ती बेसूर होती हे सिद्धच झालं की नाही? – एक चित्रपटप्रेमी, पुणे

उत्तर : नाही, काहीच सिद्ध झालेलं नाही. १९४१ च्या त्या चित्रपटातली ती बायको, सुझन, अनेक बायकांच्या गोष्टींतून घडलेली आहे. तिच्या ऑपेराच्या गोष्टीसाठी नेहमी घेतलं जातं ते शिकागोचे उद्योगपती हॅरॉल्ड मॅकॉर्मिक आणि त्यांची ऑपेरा गाणारी पत्नी गाना वाल्स्का यांचं नाव. होपचंही घेतात. आणि तिच्याबरोबर आणखी एकीचं, डोरोथी गिब्सनचं, जी ब्रुलातूरची आधीची बायको. ती मूकपटांची नटी, तीही फोर्ट लीच्या एक्लेर स्टुडिओची. १९१२ च्या एप्रिलमध्ये आईसोबत टायटॅनिकवर होती. सगळ्यांत आधी पाण्यात सोडलेल्या सात नंबरच्या नावेतून दोघी वाचल्या. महिन्याभरात त्याच दुर्घटनेवर मूकपट निघाला आणि डोरोथीने स्वतःचीच भूमिका केली, त्या रात्री अंगावर होते तेच कपडे घालून! त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. त्यानंतर तिने चित्रपट सोडले आणि गाण्याची वाट धरली. एकाच माणसाच्या दोन बायका, दोघी मूकपटांतल्या, दोघी ऑपेराच्या वाटेला गेलेल्या. हा योगायोग लोकांच्या लक्षात राहिला आणि सुझनला चिकटला.

राहिला त्या चित्रपटातला बेसूरपणा. तो मुद्दाम रचलेला आहे. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी ते गाणं जाणूनबुजून फार वरच्या पट्टीत आणि दणदणीत वाद्यमेळावर बांधलं, जेणेकरून लहान आवाजाची मुलगी त्यात बुडताना ऐकू यावी. पडद्यावर डोरोथी कॉमिंगोर, पण गळा जीन फॉरवर्ड या गायिकेचा. तिने पुरतं सांभाळून कच्चं गायलं आहे, आणि ते फार अवघड काम आहे. एका रचलेल्या गाण्यावरून दुसऱ्या जिवंत बाईच्या गळ्याची परीक्षा करू नका, एवढी माझी विनंती आहे.

प्रश्न : ऑपेरातून मूकपटात कुणी गेलं होतं का? गायकाला मूकपटात काय काम? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गेले की! उलट हाच रस्ता जास्त वाहता होता. एन्रिको कारूसोनेही १९१८ मध्ये मूकपट केला. पण माझं मन बसलं आहे ते जेराल्डिन फरारवर. बेसबॉल खेळाडूची ही मुलगी एकोणीस वर्षांची असताना १९०१ मध्ये बर्लिनमध्ये ऑपेरात उभी राहिली. थोर गायिका लिली लेमान यांच्याकडे तिची तालीम झाली. १९०७ मध्ये मेट्रोपॉलिटनला ‘मादाम बटरफ्लाय’ पहिल्यांदा झाला तेव्हा नायिका हीच, समोर कारूसो, आणि प्रेक्षकांत खुद्द त्या ऑपेराचे संगीतकार पुच्चिनी. तरुण मुलींनी तिला इतकं डोक्यावर घेतलं होतं की त्यांना ‘गेरी-फ्लॅपर्स’ असं नावच पडलं.

अशा गायिकेला १९१५ मध्ये दिग्दर्शक सेसिल डी मिलने ‘कारमेन’ मूकपटात घेतलं. ऑपेराच्या संहितेचे हक्क महाग पडत होते, म्हणून त्यांनी मूळ कादंबरिकेवरून कथा उचलली. पडद्यावर फरार गात नाही. थिएटरात बसलेले वादक मूळ ऑपेराचं, बिझेचं संगीत वाजवतात आणि ती फक्त अंगाने, डोळ्यांनी कारमेन उभी करते. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्याच वर्षी डी मिलने तिला जोन ऑफ आर्क केलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये तिने मेट्रोपॉलिटनचा निरोप घेतला, चाळिशीत, आवाज पुरता ओसरण्याआधी.

फरारने आधी गळा कमावला आणि मग तो बाजूला ठेवून अभिनय केला. होपला आधी चेहऱ्याने नाव मिळालं आणि मग गळा शोधावा लागला. फरारला कॅमेऱ्यासमोर काही महिने पुरले. होपला लागणारी वर्षं मोजायला कुणी थांबायला तयार नव्हतं.

प्रश्न : आपल्याकडे असं उदाहरण आहे का? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर : ऑपेराचं नाही, पण संगीत नाटकाचं आहे, आणि ते सांगताना मला फार अभिमान वाटतो. कमलाबाई गोखले. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला तेव्हा कमलाबाई मोहिनी होत्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. भारतीय पडद्यावर उभ्या राहिलेल्या या पहिल्या स्त्रिया. त्या आधी रंगमंचावर होत्याच, आणि चित्रपटानंतर पुन्हा संगीत नाटकाकडे वळल्या. पती रघुनाथराव गोखल्यांबरोबर ‘चित्ताकर्षक’ नाटक मंडळीत त्यांनी गाण्याच्या भूमिका केल्या. चंद्रकांत गोखले, तबलावादक लालजी आणि सूर्यकांत गोखले ही त्यांची मुलं, विक्रम गोखले नातू. फाळक्यांच्या मुक्या मोहिनीला गळा होता, आणि तो नाटकाच्या तंबूत, ध्वनिवर्धकाशिवाय, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जात होता.

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते. वय एकतीस. शाळेत बरी गायचे, मग सुटलं. आता शिकायला सुरुवात केली तर लोक हसतील का? आणि गाता येईल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी सर्वांत शेवटी मुद्दाम ठेवलं. होपही एकतीसच वर्षांची होती.

गाता येईल. आठवड्यातून दोनदा गुरूकडे जा आणि रोज सकाळी बँकेत निघायच्या आधी चाळीस मिनिटं बस. पट्टी आधी काळी चार ठेव. मैत्रिणी काळी पाचमध्ये गातात म्हणून चढवू नकोस. पहिली वीस मिनिटं फक्त खालचे सूर, एकेक सूर श्वास संपेपर्यंत. कंटाळा येईल. येऊ दे. नंतर अलंकार, आणि मग भूप. पहिलं वर्षभर भूप सोडून दुसरीकडे बघू नकोस. काउंटरवर दिवसभर बोलून घसा कोरडा झाला असेल त्या संध्याकाळी गाऊ नकोस, नुसतं ऐक. सर्दी असेल तर तानपुरा लावून मनात गा.

सोसायटीच्या गणपतीत गायला बोलावतील. पहिली तीन वर्षं जाऊ नकोस. घरातल्या कुणी कौतुकाने कार्यक्रम ठरवला तर माझं हे उत्तर त्यांना वाचायला दे. आणि चौथ्या वर्षी, तुझ्या गुरूंनी आपण होऊन सांगितलं, की मला पत्र पाठव. कोल्हापूर काही लांब नाही. तानपुऱ्यावर मी बसेन.